क्लाउडवरील स्वयंचलित बिल्ड पाइपलाइन : सुरुवात नेमकी कुठून करावी?

कुतूहल (धागाकर्ता)

नमस्कार. आमचा लहानसा गट एक वेब अ‍ॅप्लिकेशन सांभाळतो. बॅकएंड पायथनमध्ये आहे, फ्रंटएंड टाइपस्क्रिप्टमध्ये आहे आणि सगळा कोड गिटहबवर आहे. टेस्ट लिहिलेल्या आहेत, परंतु त्या प्रत्येकाने आपापल्या मशिनवर आठवणीने चालवायच्या, अशी पद्धत आहे. रिलीजचे बिल्ड मात्र एकाच ज्येष्ठ सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर होते आणि तेच ते सर्व्हरवर चढवतात. ते रजेवर असले की रिलीज थांबते.

बिल्ड (कोडपासून चालवण्याजोगे सॉफ्टवेअर तयार करणे), टेस्ट आणि सर्व्हरवर चढवणे या पायऱ्या आपोआप चालवणारी पाइपलाइन क्लाउडवर उभारावी, असे आता ठरले आहे. गिटहब अ‍ॅक्शन्स, गिटलॅब, गूगल क्लाउड बिल्ड, एडब्ल्यूएस कोडबिल्ड, अझ्युअर पाइपलाइन्स आणि जेनकिन्स इतके पर्याय समोर असताना निवड कशाच्या आधारे करावी, पहिले पाऊल कोणते असावे आणि प्रॉडक्शनवर, म्हणजे वापरकर्त्यांच्या खऱ्या सर्व्हरवर, जाण्याची शेवटची पायरीही यंत्राच्या हाती सोपवावी का, या तीन प्रश्नांवर जाणकारांची मते हवी आहेत.

पायवाट

सेवा कोणती निवडायची, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. आधी एक काम करा. तुमची रिपॉझिटरी (कोडचे गिटमधले कोठार) पूर्णपणे कोऱ्या मशिनवर किंवा कोऱ्या कंटेनरमध्ये (मशिनवरच्या स्वतंत्र, बंदिस्त वातावरणात) क्लोन करा आणि एकाच कमांडने बिल्ड होते का, ते पाहा. बहुधा होणार नाही. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवर कधीकाळी हाताने टाकलेले एखादे पॅकेज, शेलच्या सेटिंगमध्ये दडलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, गिटमध्ये कधीच न आलेली एखादी कॉन्फिग फाइल, अशा गोष्टी एकेक करून बाहेर येतील. पाइपलाइनचे निम्मे काम म्हणजे हा शोधच असतो.

लॉकफाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) कमिट केलेली हवी आणि फ्रंटएंडसाठी ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरायला हवे, कारण ते जुने नोड मॉड्यूल्स पुसून लॉकफाइलमध्ये आहे तेवढेच बसवते आणि पॅकेज फाइल व लॉकफाइल जुळत नसतील तर तिथेच थांबते. हे सगळे एका स्क्रिप्टमध्ये आले की वायएएमएल फाइलने (सेवेसाठी पाइपलाइनच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलने) फक्त ती स्क्रिप्ट बोलवावी. २०२० च्या अखेरीस ट्रॅव्हिस या बिल्ड सेवेने दर आकारण्याची पद्धत बदलली, तेव्हा अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांना तिथून निघावे लागले. ज्यांचे सगळे तर्कशास्त्र त्या एका सेवेच्या फाइलमध्ये गुंतले होते, त्यांच्यासाठी ते स्थलांतर म्हणजे जवळपास नव्याने लिहिणे होते.

तर्कशुद्ध

@पायवाट, कोऱ्या मशिनचा मुद्दा शंभर टक्के मान्य, परंतु ‘वायएएमएलने फक्त स्क्रिप्ट बोलवावी’ हे शब्दशः घेतले तर नुकसान होते. एकच मोठी स्क्रिप्ट चालवली की लॉगही एकच लांबलचक होतो, कोणती पायरी किती वेळ खाते ते दिसत नाही आणि ज्या पायऱ्या एकाच वेळी चालू शकल्या असत्या, त्या रांगेत उभ्या राहतात. क्लाउड बिल्डचेच पाहा. तिथे प्रत्येक पायरी स्वतंत्र कंटेनरमध्ये चालते, वर्कस्पेस नावाची डिरेक्टरी सगळ्या पायऱ्यांना सामायिक असते आणि कोणती पायरी कोणासाठी थांबेल, हे आपण सांगू शकतो. म्हणजे बॅकएंडच्या टेस्ट पायथनच्या इमेजमध्ये (कंटेनर ज्यापासून सुरू होतो त्या तयार साच्यात) आणि फ्रंटएंडच्या नोडच्या इमेजमध्ये, दोन्ही एकाच वेळी चालतात, आणि दोन्ही यशस्वी झाल्यावरच इमेज बांधली जाते. हे सगळे एका शेल स्क्रिप्टमध्ये कोंबायचे असेल, तर ती सेवा घेतली कशाला?

पायवाट

मान्य. ‘एक स्क्रिप्ट’ऐवजी ‘प्रत्येक पायरीची एक छोटी स्क्रिप्ट’ असे वाचावे. क्रम आणि समांतरता वायएएमएलकडे, प्रत्यक्ष काम स्क्रिप्टकडे. माझा आग्रह एवढाच की, कोणतीही पायरी अपयशी ठरली तर ती आपल्या मशिनवर त्याच कमांडने पुन्हा चालवून पाहता आली पाहिजे. एरवी एका स्वल्पविरामासाठी कमिट, पुश, प्रतीक्षा, पुन्हा कमिट, हे चक्र सुरू होते आणि त्यात दुपार निघून जाते.

रातराणी

वेगाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या मंडळींनी बिल्ड आणि टेस्ट १० मिनिटांत संपाव्यात, असा दंडक घातला होता आणि तो आजही तितकाच योग्य वाटतो. निकाल यायला पाऊण तास लागत असेल, तर माणूस दुसऱ्या कामाला लागतो, पाइपलाइन लाल झालेली त्याला उशिरा कळते आणि तोवर त्यावर आणखी तिघांचे बदल येऊन बसलेले असतात.

सर्वांत स्वस्तात मिळणारा वेग डॉकरफाइलमधील (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमधील) ओळींच्या क्रमात असतो. अनेक प्रकल्पांत आधी सगळा कोड कॉपी केला जातो आणि मग डिपेंडन्सी, म्हणजे लागणारी बाहेरची पॅकेजेस, बसवल्या जातात. डॉकर या ओळींतून बनणाऱ्या प्रत्येक थराचा कॅश (पुन्हा वापरण्यासाठी राखलेली प्रत) ठेवतो, पण एखादा थर बदलला की त्याच्या पुढचे सगळे थर नव्याने बांधतो. त्यामुळे एखाद्या बटणावरचा मजकूर बदलला तरी सगळी पॅकेजेस पुन्हा उतरवली जातात. त्याऐवजी आधी फक्त पॅकेज फाइल आणि लॉकफाइल कॉपी करावी, मग डिपेंडन्सी बसवाव्यात आणि कोड सर्वांत शेवटी आणावा. लॉकफाइल बदलेपर्यंत डिपेंडन्सीचा थर तसाच वापरला जातो.

इथे नवख्यांना एक गोष्ट गोंधळात टाकते. लॅपटॉपवर दुसऱ्यांदा केलेले बिल्ड झटकन होते, परंतु क्लाउडवर प्रत्येक वेळी कोरे मशिन मिळते, त्यामुळे तिथे आधीचे थर नसतातच. मागच्या वेळची इमेज रजिस्ट्रीतून (इमेज साठवण्याच्या जागेतून) आणून ती कॅश म्हणून वापरा, असे मुद्दाम सांगावे लागते. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये कॅशची वेगळी सोय आहे, परंतु सात दिवस कोणी न वापरलेला कॅश तिथून काढून टाकला जातो. त्यामुळे क्वचित बदलणाऱ्या प्रकल्पात तो बहुतेक वेळा रिकामाच सापडतो.

निळाई

@रातराणी, कॅशबद्दल माझा अनुभव फारसा चांगला नाही. एका प्रकल्पात कॅशमध्ये राहिलेल्या जुन्या पॅकेजमुळे टेस्ट हिरव्या दिसत होत्या आणि प्रॉडक्शनवर मात्र अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नव्हते. तेव्हापासून कॅश शक्य तितका कमी ठेवावा, या मताची मी झाले आहे.

रातराणी

हा धोका खरा आहे, परंतु तो कॅशच्या किल्लीमुळे, म्हणजे कॅश ज्या नावाने शोधला जातो त्यामुळे, येतो. किल्लीत ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेची आवृत्ती आणि लॉकफाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा), या तिन्ही गोष्टी असतील, तर यातले काही बदलले की जुना कॅश आपोआप बाद होतो. शिवाय पॅकेज मॅनेजरने उतरवलेल्या फाइलींचा कॅश ठेवावा, बसवून तयार झालेल्या डिरेक्टरीचा ठेवू नये. आठवड्यातून एकदा कॅशशिवाय संपूर्ण बिल्ड करण्याची वेळ ठरवून दिली, तर उरलेली शंकाही मिटते.

ओंजळ

कॅश पूर्ण पुसल्यावरही बिल्ड यशस्वी झालेच पाहिजे, फक्त त्याला वेळ जास्त लागावा. एवढी एक अट पाळली तर निळाई आणि रातराणी या दोघींचेही समाधान होईल.

चौकट

चर्चा छान चालली आहे, परंतु ज्या गोष्टीवर सर्वांत आधी बोलायला हवे होते, ती अजून आलीच नाही. पाइपलाइनकडे तुमच्या सर्व्हरच्या चाव्या असतात. प्रॉडक्शनवर कोड चढवण्याचा अधिकार, रजिस्ट्रीचा पासवर्ड, कधीकधी डेटाबेसचाही पासवर्ड तिच्या हाती असतो. त्यामुळे आक्रमकांचे लक्ष आता अ‍ॅप्लिकेशनइतकेच बिल्डच्या यंत्रणेवर असते.

उदाहरणे सर्वज्ञात आहेत. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात, जे २०२० च्या शेवटी उघडकीस आले, घुसखोरांनी बिल्ड होत असतानाच सोर्स फाइल बदलली होती, त्यामुळे बाहेर पडलेले सॉफ्टवेअर कंपनीच्याच अधिकृत सहीने बाहेर पडले. २०२१ मध्ये टेस्टने किती कोड तपासला ते मोजणाऱ्या कोडकव्ह या सेवेची अपलोडर स्क्रिप्ट बदलली गेली आणि ती चालवणाऱ्या पाइपलाइनमधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स परस्पर बाहेर जाऊ लागली. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या बिल्ड सेवेने आपल्या ग्राहकांना साठवलेली सगळी सीक्रेट्स (पासवर्ड, की वगैरे) बदलायला सांगितली. गिटहबवर अ‍ॅक्शन म्हणजे इतरांनी लिहिलेली, आपल्या पाइपलाइनमध्ये जोडायची तयार पायरी. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ची ‘चेंज्ड फाइल्स’ ही लोकप्रिय अ‍ॅक्शन ताब्यात घेण्यात आली. ती २३,००० हून अधिक रिपॉझिटरींमध्ये वापरात होती.

शेवटचे प्रकरण नीट समजून घ्यावे, कारण त्यातला धडा थेट तुमच्या फाइलीत उतरतो. बहुतेक लोक अ‍ॅक्शन वापरताना टॅग लिहितात, म्हणजे आवृत्ती ४ किंवा आवृत्ती ३५. टॅग हा केवळ एक निर्देश असतो आणि तो दुसऱ्या कमिटकडे वळवता येतो. इथे नेमके तेच झाले. जुन्या आवृत्त्यांचे टॅगसुद्धा एका घातक कमिटकडे वळवले गेले आणि त्या कोडने रनरच्या (बिल्ड चालवणाऱ्या मशिनच्या) मेमरीतली सीक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापली. सार्वजनिक रिपॉझिटरीचा लॉग कोणीही वाचू शकतो. ज्यांनी टॅगऐवजी ४० अक्षरी पूर्ण कमिट हॅश लिहिला होता, त्यांच्याकडे जुना, तपासलेला कोडच चालत राहिला. हॅश लिहिल्यामुळे अद्ययावत राहता येत नाही, ही तक्रारही टिकणारी नाही, कारण गिटहबचा डिपेंडाबॉट हा स्वयंचलित मदतनीस ते हॅश बदलण्यासाठी पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) पाठवतो आणि तो बदल माणसाच्या नजरेखालून जातो.

दुसरे, पाइपलाइनला गिटहबकडून मिळणाऱ्या टोकनला परवानगी फक्त वाचण्यापुरती द्यावी आणि ज्या जॉबला (पाइपलाइनच्या ज्या भागाला) लिहिण्याची गरज आहे, तेवढ्यालाच जास्तीचा अधिकार द्यावा. तिसरे, क्लाउडची कायमस्वरूपी की सीक्रेट म्हणून साठवू नये. आता बहुतेक सेवांमध्ये ओआयडीसीची सोय आहे, ती वापरावी.

कुतूहल

चौकट, इतक्या तपशीलवार प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. ओआयडीसीचा उल्लेख अनेक ठिकाणी वाचला आहे, परंतु प्रत्यक्षात काय घडते, ते कळले नाही. कीच साठवली नाही, तर क्लाउड आपल्याला ओळखते कसे?

चौकट

जॉब सुरू झाल्यावर तो गिटहबकडे एक टोकन मागतो. त्या टोकनवर गिटहबची डिजिटल सही असते आणि आत लिहिलेले असते की हा जॉब अमुक रिपॉझिटरीतल्या अमुक ब्रांचवरून चालला आहे. रनर ते टोकन क्लाउडला दाखवतो. क्लाउड गिटहबची सार्वजनिक की घेऊन सही पडताळते, आतला मजकूर आपण आधी लिहून ठेवलेल्या अटींशी ताडून पाहते आणि जुळला तर थोड्या वेळापुरते तात्पुरते अधिकार देते. जॉब संपल्यावर काही वेळातच ते निरुपयोगी होतात. त्यामुळे चोरून नेण्यासारखी कायमची वस्तूच कुठे शिल्लक राहत नाही.

मात्र त्या अटी लिहिताना फार काळजी घ्यावी. केवळ ‘टोकन गिटहबचे आहे’ एवढेच तपासले, तर जगातल्या कुठल्याही रिपॉझिटरीतला जॉब तुमच्या दारातून आत येईल. अटीत रिपॉझिटरीचे पूर्ण नाव हवे आणि प्रॉडक्शनच्या अधिकारांसाठी ब्रांचही हवी.

सूत्रधार

सगळेच जण बाहेरची सेवा गृहीत धरून लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे कोड अंतर्गत नेटवर्कच्या बाहेर नेता येत नाही, त्यामुळे जेनकिन्स आहे आणि ते उत्तम चालते. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना हडसन या नावाने ते सुरू केले, सन ओरॅकलकडे गेल्यानंतर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये समुदायाने जेनकिन्स हे नाव घेऊन वेगळी वाट धरली. इतकी वर्षे टिकलेल्या साधनाला ‘जुने’ म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही.

मात्र हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे की, त्याची देखभाल हे एक स्वतंत्र काम आहे. प्लगइन अद्ययावत ठेवणे, जुनी बिल्ड पुसून डिस्क मोकळी ठेवणे, सुरक्षेच्या सूचना वाचणे, हे कोणाच्या तरी नावावर लिहिलेले असले पाहिजे. ज्या गटात यासाठी माणूस नाही, त्याने आयती सेवा घ्यावी, असेच मी सुचवेन. @कुतूहल, तुमच्या गटाचे वर्णन वाचता तुम्ही या दुसऱ्या प्रकारात मोडता.

तर्कशुद्ध

सूत्रधारांशी सहमत. त्यात एक भर घालतो. क्लाउडवरची सेवा घेऊन तिला स्वतःचा रनर जोडण्याचा मधला मार्ग मोहक वाटतो, परंतु सार्वजनिक रिपॉझिटरीला तो कधीही जोडू नये. बाहेरच्या कोणीही पुल रिक्वेस्ट पाठवली, तर तिच्यातला कोड तुमच्या नेटवर्कमधल्या मशिनवर चालू शकतो.

अभ्यासक

वर मोठ्या गोष्टी येऊन गेल्या आहेत. मी अशा काही बारीक अडचणी नोंदवतो, ज्यांच्यावर नवी पाइपलाइन लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण अडतो.

पायथनची आवृत्ती ३.१० हवी असेल आणि ती अवतरणचिन्हांशिवाय लिहिली, तर वायएएमएल तिला दशांश संख्या समजते, शेवटचे शून्य गळते आणि पाइपलाइन पायथन ३.१ शोधू लागते. आवृत्ती नेहमी अवतरणचिन्हांतच लिहावी.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे, कारण तिथे चूक दिसतच नाही. टेस्टचे आउटपुट पडद्यावर दिसावे आणि फाइलमध्येही जावे, म्हणून लोक टेस्टच्या कमांडचे आउटपुट पाइप करून ‘टी’ या कमांडला देतात. शेल साधारणपणे पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल ग्राह्य धरते. शेवटची कमांड ‘टी’ आहे आणि तिचे काम तर व्यवस्थित झाले. त्यामुळे टेस्ट कोसळल्या तरी पायरी हिरवी होते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘पाइपफेल’ हा पर्याय सुरू केला की मधली अपयशी कमांडही पकडली जाते. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये शेल म्हणून बॅश असे स्पष्ट लिहिले, तर तो पर्याय आपोआप सुरू होतो. काहीच लिहिले नाही, तर होत नाही. नवी पाइपलाइन तयार झाल्यावर एक टेस्ट मुद्दाम मोडून ती खरोखर लाल होते का, हे पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

तिसरी, चेकआउटची, म्हणजे रनरवर कोड आणण्याची, पायरी सहसा शेवटचा एकच कमिट आणते. टॅगवरून आवृत्ती क्रमांक काढणारी स्क्रिप्ट लॅपटॉपवर चालते आणि इथे अडते, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. शिवाय रनरचे घड्याळ यूटीसीवर असते, त्यामुळे स्थानिक वेळ गृहीत धरणाऱ्या टेस्ट तिथे मोडतात. हे एका अर्थी बरेच आहे, कारण दोष टेस्टमध्ये आधीपासूनच असतो.

निळाई

अभ्यासक यांनी सांगितलेली ‘मुद्दाम मोडून पाहा’ ही सूचना फार मोलाची आहे. तिच्या जोडीने मला अस्थिर टेस्टबद्दल बोलायचे आहे. तोच कोड, तीच टेस्ट, पण कधी हिरवी आणि कधी लाल. अशी एकदेखील टेस्ट पाइपलाइनमध्ये राहिली, तर लोक लाल रंग दिसला की कारण न पाहता पुन्हा चालवण्याचे बटण दाबू लागतात. मग खरा दोषही त्याच सवयीने पुढे ढकलला जातो. अशी टेस्ट त्याच दिवशी बाजूला काढावी, तिची नोंद करावी आणि ती दुरुस्त झाल्यावरच परत घ्यावी. आपोआप तीनदा चालवून एकदा हिरवी झाली की पुढे जाण्याची जी सोय असते, ती दोष झाकते, असे माझे ठाम मत आहे.

सूत्रधार

@निळाई, तत्त्व पटते, परंतु नेटवर्कवर अवलंबून असलेल्या पायऱ्यांना थोडी सवलत द्यावी लागते. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून इमेज उतरवण्यावर मर्यादा आणली आणि सामायिक आयपीवरून चालणारी बिल्ड त्यात अडकू लागली. अशा ठिकाणी पुन्हा प्रयत्न करणे रास्त आहे. टेस्टच्या बाबतीत मात्र मीही तुमच्याच बाजूचा आहे.

पायवाट

कुतूहल यांचा तिसरा प्रश्न अजून अनुत्तरित आहे, म्हणून तिकडे वळतो. शेवटची पायरी यंत्राच्या हाती द्यावी का? माझे उत्तर असे की, चढवण्याची कृती पूर्णपणे यंत्राने करावी. चढवायचे की नाही, हा निर्णय सुरुवातीला माणसाकडे ठेवावा.

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवायचा होता आणि एक सर्व्हर राहून गेला. त्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला जुना कोड पुन्हा वापरात आणलेल्या फ्लॅगमुळे (कोडचा भाग चालू-बंद करणाऱ्या खुणेमुळे) जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झाले. आठही सर्व्हरवर तीच आवृत्ती आहे का, हे पाहण्याचे काम यंत्र कधीच विसरत नाही.

तर्कशुद्ध

त्याला जोडून एक नियम सांगतो. इमेज एकदाच बांधावी आणि तीच स्टेजिंगवरून (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवरून) प्रॉडक्शनवर न्यावी. अनेक ठिकाणी प्रॉडक्शनसाठी पुन्हा बिल्ड केले जाते आणि मधल्या काळात एखादी बेस इमेज (जिच्यावर आपली इमेज बांधली जाते ती) बदललेली असते, म्हणजे ज्याची चाचणी घेतली ते चढतच नाही. इमेजला ‘लेटेस्ट’ असा टॅग देऊन न चढवता तिच्या डायजेस्टने, म्हणजे तिच्या मजकुरावरून ठरणाऱ्या ओळखीने, चढवावी. मागे फिरायचे झाले, तर आधीचा डायजेस्ट देऊन पुन्हा चढवणे एवढेच काम उरते.

रातराणी

मागे फिरणे इतके सोपे तेव्हाच राहते, जेव्हा डेटाबेस आडवा येत नाही. नव्या आवृत्तीने एखाद्या कॉलमचे नाव बदलले, तर जुनी इमेज परत आणूनही उपयोग नाही, कारण तिला तो कॉलम सापडणार नाही. म्हणून आधी नवा कॉलम वाढवावा, काही काळ दोन्हींत लिहावे, जुना कोड पूर्ण निवृत्त झाल्याची खात्री पटल्यावर वेगळ्या रिलीजमध्ये जुना कॉलम काढावा. हे कष्टाचे आहे, पण रोलबॅकवर विश्वास ठेवायचा असेल तर दुसरा मार्ग नाही.

कुतूहल

सर्वांचे आभार. चर्चा वाचून आम्ही असे ठरवले आहे. कोड गिटहबवरच असल्याने गिटहब अ‍ॅक्शन्स घेऊ. आधी कोऱ्या कंटेनरमध्ये बिल्ड चालवून पाहू, मग प्रत्येक पुल रिक्वेस्टवर टेस्ट लावू, ओआयडीसी आणि कमिट हॅश पहिल्या दिवसापासून ठेवू. प्रॉडक्शनसाठी हाताने सुरू करायचा वेगळा वर्कफ्लो असेल. एक शंका उरते. टेस्ट हिरव्या झाल्याशिवाय मर्ज होऊच नये, अशी सक्ती लगेच करावी का? आणि फक्त फ्रंटएंड बदलले असताना बॅकएंडच्या टेस्ट वगळता येतील का?

अभ्यासक

टेस्ट काही दिवस स्थिरपणे हिरव्या राहिल्या की मेन ब्रांचवर सक्ती करावी. त्याआधी केली तर लोक ती चुकवण्याच्या वाटा शोधतात.

वगळण्याबाबत मात्र सावध राहा. संपूर्ण वर्कफ्लोवर पाथ फिल्टर (ठरावीक फोल्डर बदलले तरच चालवण्याची अट) लावला आणि त्याच वर्कफ्लोची तपासणी सक्तीची केली, तर फक्त फ्रंटएंड बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये तो वर्कफ्लो सुरूच होत नाही, त्याची तपासणी ‘प्रलंबित’ दिसत राहते आणि मर्जचे बटण उघडत नाही. त्याऐवजी वर्कफ्लो नेहमी सुरू होऊ द्यावा, कोणते फोल्डर बदलले ते पहिल्या जॉबमध्ये तपासावे आणि बॅकएंडच्या जॉबला तशी अट घालावी. अटीमुळे वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो आणि वाट मोकळी राहते. बदललेली फोल्डर शोधण्यासाठी बाहेरची अ‍ॅक्शन घेण्याची गरज नाही. गिटचा डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारी कमांड) त्यासाठी पुरतो. फक्त चेकआउट करताना तुलनेपुरता इतिहास आणायला विसरू नका.